द्राक्षाच्या देठातलं क्लोराइड इलेक्ट्रोडने मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खरड छाटणीनंतर सूक्ष्म घडनिर्मितीच्या (डोळ्यांत पुढचे घड तयार होण्याच्या) सुमारास, आणि पुन्हा फळछाटणीनंतर फुलोऱ्यात, असा वर्षातून दोनदा पानांच्या देठांच्या पुड्यांचा ढीग प्रयोगशाळेच्या टेबलावर येऊन पडतो. बोअरचं पाणी खारवट असलेल्या बागांना नत्र-पालाशाइतकीच क्लोराइडची काळजी असते. रिपोर्ट हातात पडला की बागायतदारांचे फोन सुरू होतात. लॅबमध्ये नव्याने लागलेल्या मुलामुलींचे प्रश्न वेगळे असतात, पण मुळाशी शंका एकच असते: हा आकडा कितपत खरा?

इलेक्ट्रोड नेमकं काय मोजतो?

मिलिव्होल्ट. टक्के तो मोजत नाही, पीपीएमही मोजत नाही. इलेक्ट्रोडच्या टोकाला सिल्व्हर क्लोराइड आणि सिल्व्हर सल्फाइड एकत्र दाबून केलेली काळी चकती असते. द्रावणात क्लोराइड जितकं जास्त, तितका या चकतीचा विद्युतदाब संदर्भ इलेक्ट्रोडच्या (ज्याचा दाब स्थिर राहतो अशा दुसऱ्या इलेक्ट्रोडच्या) तुलनेत खाली येतो. क्लोराइड दहापट झालं की 25 अंश सेल्सिअसला हा दाब सिद्धांताप्रमाणे 59.16 मिलिव्होल्टने उतरायला हवा. प्रत्यक्षात 54 ते 60 च्या दरम्यान उतरला तर इलेक्ट्रोड ठीक चाललाय असं समजतात. याला सगळे 'स्लोप' म्हणतात.

मिलिव्होल्टच्या पुढचं सगळं आपलं गणित. त्यामुळे रिपोर्टमधली चूक इलेक्ट्रोडच्या माथी मारण्याआधी आपली वही तपासावी.

मग तो किती अचूक आहे?

हे गणित एकदा स्वतः करून पाहा, पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील. दहापट फरकाला 59 मिलिव्होल्ट, म्हणजे 1 मिलिव्होल्टची चूक झाली तर उत्तर साधारण 4 टक्क्यांनी चुकतं. क्लोराइड कमी असो की जास्त, चुकीचं प्रमाण तेवढंच राहतं. मीटर 0.1 मिलिव्होल्टपर्यंत दाखवत असलं तरी आकडा पूर्ण स्थिरावण्याआधी लिहून घेणं, इलेक्ट्रोड नीट न पुसता दुसऱ्या बीकरमध्ये घालणं, एवढ्या-तेवढ्यानेही 1 मिलिव्होल्ट सहज इकडेतिकडे होतो.

म्हणून थेट वाचनाच्या पद्धतीत, म्हणजे मिलिव्होल्टवरून सरळ क्लोराइड काढताना, काळजीपूर्वक काम केलं तरी, उत्तर 4-5 टक्के इकडेतिकडे धरावं. घाईत केलं तर 10 टक्के. म्हणजे 0.50 टक्के क्लोराइड असा रिपोर्ट आला तर खरा आकडा 0.47 ते 0.53 मध्ये कुठेतरी असेल. रिपोर्टवर 0.487 छापलेलं पाहिलं की मला हसू येतं. तो तिसरा आकडा संगणकाने दिलेला असतो, इलेक्ट्रोडने नव्हे.

पण बागायतदाराला निर्णय काय घ्यायचा असतो? 0.3 आहे की 0.6 आहे की 1.2 आहे, एवढंच. त्यासाठी ही पद्धत पुरून उरते. शिवाय ती स्वस्त आहे, आणि अर्क तपकिरी किंवा थोडा गढूळ असला तरी तिचं अडत नाही.

एकाच बागेचे देठ दोन लॅबमध्ये दिले. एकीकडे 0.42, दुसरीकडे 0.53. खोटं कोण?

बहुतेक वेळा कोणीच नाही. आधी हे सांगा, देठ एकत्र मिसळून, वाळवून, दळून मग पूड दोन भागांत वाटली होती, की बागेतून दोन वेगळ्या पिशव्या भरल्या होत्या? दुसरं असेल तर ही दोन लॅबची तुलनाच नव्हे, दोन नमुन्यांची आहे. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ घेतात. सूक्ष्म घडनिर्मितीच्या वेळी खालून पाचव्या पानाचा. एका गड्याने पाचवं पान घेतलं आणि दुसऱ्याने हाताला येईल ते, तर तिथेच फरक पडला. बागेत एखादा चुनखडीचा किंवा पाणी साचणारा पट्टा असेल आणि एका पिशवीत त्यातले देठ जास्त गेले, तरी तेच. बागभर फिरून शंभर-दीडशे देठ गोळा करायला सांगतात ते याच कारणासाठी.

एकच पूड दोन्हीकडे गेली असेल आणि तरीही इतका फरक असेल, तर मात्र दोन्ही लॅबला अर्क कशात काढला, स्टँडर्ड (माहीत प्रमाणाची, तुलनेसाठीची द्रावणं) कशात बनवले आणि ब्लँक (पूड न घालता तसाच काढलेला अर्क) किती आला, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देताना कोण चिडतं तेही पाहा.

पावसाळ्यात आकडे कमी येतात असं वाटतं. खरंच?

येतात. वाळवलेली पूड हवेतला ओलावा ओढते. पुडीत 8 टक्के पाणी शिरलं तर वजनात 8 टक्के पाणी मोजलं जातं आणि क्लोराइड तितकंच कमी दिसतं. वजन करण्याआधी पूड पुन्हा 65-70 अंशाला वाळवून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करावी. एवढंच.

अर्क कशात काढायचा? ॲसिडमध्ये पूर्ण जाळून घेतलं तर जास्त अचूक होणार नाही का?

उलट. क्लोराइड वनस्पतीत जवळजवळ सगळं सुट्या आयनाच्या रूपात असतं. लोह किंवा स्फुरदासारखं ते पेशींच्या घटकांत अडकून पडत नाही. त्यामुळे 2 टक्के ॲसिटिक ॲसिड, पातळ नायट्रिक ॲसिड किंवा नुसतं गरम पाणी, यांपैकी कशातही बारीक पूड अर्धा तास हलवली की ते बाहेर येतं. जोरकस आम्लात उकळलं तर ते हायड्रोजन क्लोराइड होऊन धुराबरोबर उडून जातं. भट्टीत राख करतानाही जातं, म्हणून जुन्या पद्धतींत राखेआधी चुना घालत. इतर अन्नद्रव्यांसाठी केलेलं डायजेशन (ॲसिडमध्ये जाळून काढलेलं द्रावण) क्लोराइडला वापरून वेळ वाचवण्याचा मोह होतो, तो आवरा.

हिशेब सोपा आहे. 0.5 ग्रॅम पूड, 50 मिली अर्क. मीटरवरून 50 मिलिग्रॅम प्रति लिटर आलं तर पुडीत 5000 मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे 0.5 टक्के. अर्कातल्या पीपीएमला (मिलिग्रॅम प्रति लिटरला) 100 ने भागा, पुडीतले टक्के मिळाले. हे प्रमाण लक्षात राहिलं की चुकीचा दशांश चिन्हाचा आकडा डोळ्याला लगेच खटकतो.

आयएसए टाकायलाच हवं का? एकदा विसरलो तर काय बिघडतं?

आयएसए म्हणजे आयनिक स्ट्रेंग्थ ॲडजस्टर. क्लोराइडसाठी सहसा 5 मोलर सोडियम नायट्रेट, 100 मिलीला 2 मिली. सगळ्या बीकरमधली मिठाची गर्दी एकसारखी करायची, एवढंच त्याचं काम.

गर्दी हा शब्द मुद्दाम वापरला. इलेक्ट्रोडला किती क्लोराइड आहे ते कळत नाही, किती मोकळेपणाने वावरतंय ते कळतं. पंढरीच्या वारीत माणसं तितकीच असली तरी प्रत्येकाची हालचाल कमी होते, तसं. आयनिक स्ट्रेंग्थ, म्हणजे आयनांची ही गर्दी, 0.01 मोलर असताना क्लोराइडची साधारण 90 टक्के सक्रियता उरते, 0.1 मोलरला 76 टक्क्यांच्या आसपास. देठाच्या अर्कात पोटॅश, कॅल्शियम, सेंद्रिय आम्लं असा मोठा मेळा असतो आणि स्टँडर्डमध्ये बिचारं एकटं मीठ. आयएसए नसेल तर स्टँडर्डमध्ये क्लोराइड मोकळं फिरतं, अर्कात चेंगरतं, आणि रिपोर्ट कमी येतो.

एका बीकरमध्ये विसरलात तर तो नमुना पुन्हा करा. सगळ्याच बीकरमध्ये विसरलात तर सगळंच पुन्हा. आणि सोडियम नायट्रेटची बाटली बघून घ्या. हलक्या प्रतीच्या नायट्रेटमध्ये थोडं क्लोराइड असतं, ते ब्लँकमध्ये दिसायला हवं.

स्टँडर्ड साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये केले तर चालतील?

नाही. अर्क 2 टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये असेल तर स्टँडर्डही त्यातच. मूळ द्रावणासाठी वाळवलेलं सोडियम क्लोराइड 1.648 ग्रॅम घेऊन एक लिटर करा, ते झालं 1000 मिलिग्रॅम प्रति लिटर. त्यातून 5, 10, 50, 100 आणि 200 असे खालचे स्टँडर्ड बनवा. निम्मे नमुने दोन टोकांच्या स्टँडर्डच्या बाहेर पडत असतील तर कॅलिब्रेशनला (स्टँडर्डवरून मीटर जुळवण्याला) अर्थ नाही.

तापमानाचं एवढं काय?

स्टँडर्ड एसीच्या खोलीतल्या फ्रिजमधून काढलेले आणि अर्क उन्हाळ्याच्या शेकरवरून आलेले, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर वेगळा प्रश्न लिहावा लागला. क्लोराइडच्या पातळ द्रावणात एका अंशाच्या फरकाने उत्तर सुमारे 2 टक्के सरकतं. स्टँडर्ड 24 अंशाला आणि अर्क 32 अंशाला असेल तर 15 टक्क्यांच्या आसपास चूक होते, आणि तीही सगळ्या नमुन्यांत एकाच दिशेने. म्हणजे दोनदा मोजूनही आकडे छान जुळतात आणि तरी दोन्ही चूक. मीटरमधलं तापमान दुरुस्तीचं बटण फक्त स्लोप सांभाळतं, बाकीचा फरक त्याला झेपत नाही.

सगळे बीकर तासभर एकत्र ठेवा. मॅग्नेटिक स्टिररची मोटर गरम होते, तिच्यावर थर्माकोलचा तुकडा ठेवून मग बीकर. हा तुकडा कोणी फेकून दिला की दुपारनंतरचे आकडे सरकायला लागतात.

बाहेरून क्लोराइड कुठून कुठून शिरतं?

इथे थोडा वेळ घालवायला हवा, कारण लोक घाबरतात एकाला आणि घात करतं दुसरंच.

घामाला सगळे घाबरतात. घामात लिटरला एक ग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं. एक थेंब, म्हणजे 0.05 मिली, 50 मिली अर्कात पडला तर अर्कात 1 मिलिग्रॅम प्रति लिटरची भर, रिपोर्टमध्ये 0.01 टक्के. द्राक्षाच्या देठात 0.5 टक्के असताना हे किरकोळ आहे. हातमोजे घालाच, पण झोप उडवू नका.

खरा चोर संदर्भ इलेक्ट्रोडमध्ये बसलेला असतो. pH मीटरच्या साध्या संदर्भ इलेक्ट्रोडमध्ये 3 मोलर पोटॅशियम क्लोराइड भरलेलं असतं, म्हणजे लिटरला 106 ग्रॅम क्लोराइड. त्यातलं फक्त 0.01 मिली झिरपलं तर 50 मिली अर्कात 21 मिलिग्रॅम प्रति लिटर वाढलं, रिपोर्टमध्ये 0.21 टक्के! म्हणून क्लोराइडसाठी दोन कप्प्यांचा संदर्भ इलेक्ट्रोड घ्यायचा आणि बाहेरच्या कप्प्यात पोटॅशियम नायट्रेट भरायचं. बाटल्या सारख्या दिसतात, लेबल फिकट होतं, आणि घाईत कोणीतरी बाहेरच्या कप्प्यात क्लोराइड भरतं. ओळखायची खूण म्हणजे ब्लँकमध्ये इलेक्ट्रोड ठेवला की आकडा थांबतच नाही, हळूहळू एकाच दिशेने सरकत राहतो. त्याच बीकरमध्ये आधी pH मोजून मग क्लोराइड मोजणं हीसुद्धा तीच चूक.

बाकी नळाच्या पाण्याने शेवटची विसळ, हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतलेल्या काचा नीट न विसळणं, फिल्टर पेपर. हे सगळं ब्लँकमध्ये दिसतं, जर ब्लँकही त्याच काचेतून, त्याच पेपरातून काढला असेल तर. नुसतं बाटलीतलं पाणी ब्लँक म्हणून मोजणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं.

फवारणीचं औषध मोजलं जातं का? देठ धुवायचे की नाही?

औषध कोणतं त्यावर आहे. कॉपर ऑक्सिक्लोराइडमध्ये वजनाच्या सहाव्या हिश्शाइतकं क्लोराइड असतं आणि आम्ल अर्कात ते सुटतं. 0.5 ग्रॅम पुडीत 1 मिलिग्रॅम औषध चिकटलेलं असेल तर 0.03 टक्के भर. कॅल्शियम क्लोराइडची फवारणी केली असेल तर भर जास्त, कारण त्यात 64 टक्के क्लोराइडच आहे. वाढ रोखायला वापरतात ते सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, त्यातही सुटं क्लोराइड आहे, पण मात्रा पाहता देठाच्या आकड्यात ते हरवून जातं. (2010 मध्ये युरोपात निर्यातीच्या द्राक्षांवर याच सीसीसीच्या अंशावरून संकट आलं होतं. तो अंश शोधायला वेगळीच यंत्रं लागतात. इलेक्ट्रोडला सीसीसीतलं क्लोराइड आणि मिठातलं क्लोराइड सारखंच.) ज्या कीटकनाशकांत क्लोरीन कार्बनला घट्ट जोडलेलं असतं, ते इलेक्ट्रोडला दिसतच नाही.

धुवा, पण विसळल्यासारखं. देठ ताजे असताना डिस्टिल्ड वॉटरमधून झटपट काढायचे आणि लगेच टिपायचे. बादलीत तासभर भिजत घातले तर कापलेल्या टोकांतून आतलंच क्लोराइड बाहेर येतं. वाळल्यावर तर अजिबात धुवायचे नाहीत.

दुसरे आयन फसवतात का?

फसवतात, पण द्राक्षात क्वचित. सिल्व्हर ब्रोमाइड हे सिल्व्हर क्लोराइडपेक्षा कितीतरी कमी विरघळतं, म्हणून चकतीला ब्रोमाइडची ओढ शेकडो पट. आयोडाइडची त्याहून खूप जास्त. सल्फाइड आणि सायनाइड असलं तर चकती खराब होते आणि मंद होते. द्राक्षाच्या देठात यांचं प्रमाण नगण्य असतं. पण तीच लॅब उद्या कोवळ्या ज्वारीचे नमुने घेईल, ज्यात पेशी चिरडल्या की सायनाइड सुटतं. किंवा कांदा-लसूण, ज्यात गंधकाची संयुगं भरपूर. तेव्हा द्राक्षाची पद्धत जशीच्या तशी उचलू नका. नायट्रेट, सल्फेट, फॉस्फेट यांची मात्र चिंता नको.

किती कमी क्लोराइडपर्यंत विश्वास ठेवायचा?

चकती स्वतःच किंचित विरघळते. शुद्ध पाण्यातसुद्धा ती स्वतःभोवती लिटरला सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्लोराइड सोडते. अर्कात 1 मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर चकतीचं स्वतःचं योगदान त्यावर जवळपास 20 टक्के. 5-6 ला हे योगदान एक टक्क्याच्याही खाली जातं. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेचा सफरचंदाच्या पानांचा प्रमाणित नमुना आहे, त्यात क्लोराइड 579 मिलिग्रॅम प्रति किलो. शंभरपट अर्कात तो 5.8 वर येतो, म्हणजे जेमतेम हद्दीत. तो नमुना बरोबर आला तर द्राक्षाचं पन्नास-शंभर सहज येईल. त्याहून कमी असेल तर पूड जास्त घ्या, उदाहरणार्थ 50 मिलीला 2 ग्रॅम.

कॅलिब्रेशन बरोबर आहे, तरी अर्कातलं उत्तर बरोबर आहे हे कसं कळणार?

अर्कातच मोजका डोस टाकून. समजा 50 मिली अर्कात मीटरने 40 मिलिग्रॅम प्रति लिटर सांगितलं आणि स्लोप 57 आहे. त्यात 1000 चं स्टँडर्ड 2 मिली टाका. 40 खरं असेल तर आकडा 16.2 मिलिव्होल्टने खाली यायला हवा. तो फक्त 13 ने आला, तर गणित सांगतं की अर्कात खरं 53 च्या जवळ होतं. मग आयएसए विसरलं, तापमान चुकलं की इलेक्ट्रोड सरकला, ते शोधा.

या युक्तीला एक मर्यादा आहे आणि ती कोणी सांगत नाही. संदर्भ इलेक्ट्रोडमधून झिरपलेलं, फवारणीतून आलेलं, फिल्टर पेपरमधून आलेलं क्लोराइड या चाचणीत पकडलं जात नाही. तेही क्लोराइडच आहे ना! डोसाची रिकव्हरी (टाकलेल्यापैकी परत मोजला गेलेला हिस्सा) 99 टक्के आली म्हणून नमुना स्वच्छ होता असं होत नाही. तिथे ब्लँकच कामाला येतो.

दर दहा नमुन्यांनंतर मधला स्टँडर्ड पुन्हा मोजा. 1 मिलिव्होल्टपेक्षा जास्त सरकला असेल तर थांबा.

टायट्रेशन जास्त अचूक नाही का?

आहे. सिल्व्हर नायट्रेट घालत जायचं आणि त्याच इलेक्ट्रोडने आकड्याची उडी कुठे पडते ते बघायचं. यात मिलिव्होल्टचा खरा आकडा महत्त्वाचा राहत नाही, फक्त उडीची जागा. त्यामुळे तापमान, सरकणं, सक्रियता हे सगळे त्रास बाजूला पडतात. वाद झालेला नमुना असेल तर मी हेच करायला सांगेन. मोहरची 1856 पासूनची क्रोमेटची पद्धत पाण्याला उत्तम, पण आम्ल अर्कात तो लाल अवक्षेप विरघळतो आणि तपकिरी रंगात शेवट दिसत नाही. दिवसाला ऐंशी नमुने असतील तर थेट वाचनाला पर्याय नाही.

खिशात मावणारं 'सॉल्ट' मीटर बाजारात मिळतं. देठाचा रस पिळून त्यावर टाकला तर?

माहितीपत्रक वाचा. अशी काही मीटरं प्रत्यक्षात सोडियम मोजतात आणि सगळं सोडियम मिठातूनच आलंय असं धरून मीठ दाखवतात. वेलीत हे गृहीतक टिकत नाही. मुळं सोडियम आणि क्लोराइड यांना वेगवेगळं वागवतात, आणि डॉगरिजसारखा खुंट (ज्यावर द्राक्षाचं कलम करतात ती मुळाकडची वेल) क्लोराइड बऱ्यापैकी बाहेर ठेवतो. म्हणून डॉगरिजवरच्या बागेत सोडियम जास्त आणि क्लोराइड बेताचं असा रिपोर्ट आला तर लॅब चुकली असं समजू नका.

क्लोराइड शून्य आलं तर उत्तम का?

नाही. ते आवश्यक अन्नद्रव्य आहे, 1954 मध्येच टोमॅटोवर सिद्ध झालंय. पण शून्य आलं तर आधी वजन आणि सौम्यीकरण तपासा. आपल्या पाण्यावर वाढलेल्या द्राक्षात शून्य येणं मला तरी पटत नाही.

इलेक्ट्रोड मंद झालाय. नवीन घ्यावा लागेल?

लगेच नको. सोबत मिळालेल्या पॉलिशिंग पट्टीवर पाण्याचे थेंब टाकून चकती हलक्या हाताने गोल फिरवा, विसळा, 10 च्या स्टँडर्डमध्ये थोडा वेळ ठेवा. स्लोप 54 च्या वर परत आला तर अजून एक हंगाम निघेल.

रिपोर्ट पटला नाही तर पुन्हा देठ आणायचे का?

पुन्हा आणलेले देठ वेगळ्या दिवसाचे, वेगळ्या अवस्थेचे असतात. त्यांनी जुन्या रिपोर्टचा न्याय होत नाही. लॅबला उरलेली पूड विचारा. वाळलेल्या पुडीतलं क्लोराइड उडून जात नाही की बदलत नाही, त्यामुळे हवाबंद डबीतली पूड वर्षभराने मोजली तरी तेच उत्तर यायला हवं. पूड हंगाम संपेपर्यंत ठेवा असं नमुना देतानाच पावतीवर लिहून घ्यावं.